भिवाजीच्या तळ्यातले जिताडे

डोंबिवलीच्या मासळीबाजारात मनुबाई जिताडा विकायची, पण कापून द्यायची नाही. सुरमई घ्या, घोळ घ्या, ती बोलता बोलता तुकडे पाडून पिशवीत घालून मोकळी. जिताडा मात्र अख्खा घ्यायचा आणि शेजारच्या विमलाबाईकडून कापून घ्यायचा, असा तिचा कायदा होता. नवीन गिऱ्हाईक असलं की हटकून वाद व्हायचा. "अहो मावशी, मासा तुमचा आणि कोयता दुसरीचा, ही कुठली पद्धत?" मनुबाई पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची. विमलाबाईच हात पुढे करायची. "आना इकडं, शेट. तिच्या हाताला जिताडा सोसत नाय."

सोसत नाही म्हणजे काय, ते विमलाबाईलाही ठाऊक नव्हतं. कुणी म्हणायचं नवस असेल, कुणी म्हणायचं अंगात येत असेल. कोळणीला मासा कापायला नको वाटावा हे नवलच; पण संध्याकाळच्या बाजारात असल्या नवलाकडे बघायला कुणाला वेळ असतो? शिवाय बाकी सगळ्या गोष्टींवर मनुबाई इतकं बोलायची की ही एक गोष्ट ती बोलत नाही, हे लोकांच्या ध्यानातच येत नसे.

ती मूळची ठाण्याची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. लग्न होऊन डोंबिवलीच्या पश्चिमेला आली तेव्हा तिकडे वस्ती थोडी होती. रूळ ओलांडून खाली उतरलं की इमारती संपायच्या, चिखल आणि तिवरं लागायची, आणि तिवरांच्या अलीकडे कोळ्यांची थोडी घरं. नवरा भिवाजी उंच, काळाभोर, आणि मुलखाचा अबोल. विचारलं तर बोलायचा, तेही अर्धंच. मनुबाईचं तोंड मात्र उठल्यापासून निजेपर्यंत चालू. सासू म्हणायची, "देवानं एकाचं त्वांड काढून दुसरीला लावलंय." भिवाजी त्यावर हसायचा. बायकोने आपल्या वाटणीचं बोलून टाकावं यातच त्याला सुख होतं. दोघांना एकच लेक, शेवंती. तिला पुढे दिवा गावात दिली. तिकडे पाण्याची कायमची बोंब, त्यामुळे ती माहेरी आली की आधी धुण्याचं बोचकं सोडायची आणि मग आईच्या गळ्यात पडायची.

खाडी तेव्हा देणारी होती. बोयी, कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या, आणि या सगळ्यांचा राजा जिताडा. मोठ्या तोंडाचा, चांदीसारख्या खवल्यांचा, आणि खायला असा की लोक पाहुण्याला ताट वाढताना जिताडा आहे हे दोनदा सांगायचे. पण ऐंशीच्या पुढे खाडी आटत गेली. पाण्याने नव्हे, माशांनी. कारखान्यांच्या बाजूने येणारा नाला कधी पिवळा व्हायचा, कधी जांभळा, आणि ज्या दिवशी त्याला वास यायचा नाही त्या दिवशी बायका जास्त घाबरायच्या. जाळ्याचे डोळे बारीक होत गेले, कारण मोठं काही लागतच नव्हतं. हाताएवढा जिताडासुद्धा लोक खुशाल पाटीत टाकू लागले. आज नाही धरला तर उद्या नाल्याने मरेल, मग आपणच का नको, असा सगळ्यांचा हिशेब. यात खोटं तरी काय होतं?

त्र्याऐंशीच्या सुमाराला, मनुबाई अजून जिताडा स्वतः कापत होती तेव्हा, एक चष्मेवाला तरुण मनुबाईच्या पाटीपुढे येऊन उभा राहिला. हातात काचेची बरणी.

"मावशी, जिताडा नको. त्याच्या पोटातलं तेवढं द्या."

"पोटातलं? गाभोली?"

"गाभोळी असेल तर गाभोळी. नसेल तर जे असेल ते."

मनुबाईने आधी त्याला नीट बघून घेतलं आणि मग सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, "विमले, ऐकलंस काय? यो मास्तर मासा टाकून घान मांगतंय!"

त्याचं नाव सुधीर. डोंबिवलीतच एका चाळीत राहायचा, बौद्ध घरातला, आईचं नाव केशरबाई. ठाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि स्वतःही शिकत होता. "आईला सांगितलंय की मी माशांचा डॉक्टर होणारे," तो म्हणाला, "ती विचारते, मासे फी देतात का?" हे ऐकून मनुबाईला तो एकदम आवडला. त्या दिवसापासून जिताड्याच्या पोटातलं ती त्याच्यासाठी बाजूला ठेवू लागली. त्याच्या बरणीतल्या औषधाचा वास तिच्या डोळ्यांना झोंबायचा, म्हणून ती तोंड फिरवून बोलायची, पण बोलायची.

एकदा त्याने विचारलं, "मावशी, लहान जिताड्यात कधी गाभोळी निघालेली आठवते?"

मनुबाईने आठवून बघितलं. नाही. लहानात कायम पांढऱ्या पट्ट्या, हंगामात दाबलं की दूध येणाऱ्या.

"आणि मोठ्या धुडात कधी दूध?"

तेही नाही. मोठ्यात अंड्यांची गाभोळीच. इतकी वर्षं हाताखालून गेलं, पण असं का, हे तिला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"कारण तोच मासा आहे, मावशी. जिताडा आधी नर असतो. काही वर्षं नर म्हणून काढतो, मोठा होतो, आणि मग त्याचीच मादी होते."

मनुबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की दोन गिऱ्हाइकं परत गेली. "म्हंजे आमचा दीर विश्राम उद्या उठून विश्रामबाय व्हनार!" घरी आल्यावर तिने हाच विनोद जेवताना भिवाजीला ऐकवला. भिवाजी हसला नाही. हातातला घास ताटात ठेवून त्याने विचारलं, "किती वर्सांनी?"

"काय किती वर्सांनी?"

"मादी व्हायला."

तिने पुढच्या भेटीत सुधीरला विचारलं, तर तो म्हणाला, काकांनाच घेऊन या कॉलेजात. एरवी जाळं सोडून कुठे न जाणारा भिवाजी धुतलेला सदरा घालून ठाण्याला आला. मनुबाईला तो पुरावा होता की माणसाला वेड लागायला वय लागत नाही. प्रयोगशाळेत सुधीरने काचेची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि भिवाजीने एक डोळा मिटून दुसरा नळीला लावला. बराच वेळ तो तसाच वाकून उभा होता.

"काय दिसतंय काका?"

"जाळं दिसतंय. फाटकं."

"बरोबर. ते नराचं आहे. त्या नळ्यांत बीज तयार होतं. आता त्या रिकाम्या झाल्यात, मोडत चालल्यात. आता काठाला बघा. गोल गोल दिसतात?"

"हां. दिसतात."

"ती अंडी. त्याच अवयवात, त्याच भिंतीला धरलेली. वेगळं काही बाहेरून येत नाही. पिल्लू असतं तेव्हा त्याच्या पोटात पाठीच्या कण्याखाली नुसते दोन दोरे असतात, ना नर ना मादी. त्यातून आधी हे होतं, आणि वेळ आली की ह्याच्यातूनच ते."

"वेल कवा येते?"

"सहा-सात वर्षांचा व्हावा लागतो. त्या वर्षीही पावसाळ्यात तो नरच असतो. शेवटचा हंगाम नर म्हणून करतो, पाऊस सरला की आत मोडामोड सुरू होते, आणि पुढच्या पावसापर्यंत मादी तयार. म्हणून तर सगळ्या आया मोठ्या असतात, काका. आणि लहान धरला तर तो आई व्हायच्या आधीच गेला."

भिवाजीने डोळा काढला, सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि पुन्हा लावला.  परत येताना घर दिसायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "सात वर्सं त्याला कुनी मारायला नको, मने. येवढंच पायजे."

त्यांच्या घरामागे खाजणात मिठागराचं एक जुनं तळं होतं. मीठ पिकवणं केव्हाच बंद पडलेलं, पण बांध शाबूत होता आणि बांधाला उघाडी होती, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर करायची लाकडी फळी. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात भिवाजीने दूर खाडीच्या तोंडाकडून जिताड्याची बोटभर पिल्लं हंड्यांतून आणली आणि तळ्यात सोडली. नाला स्वच्छ वाटेल तेव्हाच मोठ्या भरतीला उघाडी उचलायची, एरवी फळी घट्ट. सात वर्षं त्यांना वाढवायचं, आया झाल्या की खाडीत सोडायच्या. एक आई पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी गेली की लाखांनी अंडी टाकते, असं सुधीर म्हणाला होता. खाडीत जिताड्याचं बी पुन्हा पडावं, एवढी एकच गोष्ट भिवाजीला हवी होती. घर बांधायचं नव्हतं, होडीला यंत्र लावायचं नव्हतं. बोलून त्याने हे कुणाला सांगितलं नाही. रोज कामावरून आला की डबा घेऊन चिखलातले छोटे मासे, निवट्या, धरायला जायचा आणि तळ्याच्या काठाला बसून एकेक टाकत राहायचा.

कामावरून म्हणायचं कारण, तोवर खाडीवर पोट भरेना झालं होतं आणि तो औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर चौकीदार म्हणून लागला होता. ज्या नाल्याने त्याची खाडी मारली त्याच नाल्याच्या उगमाशी खाकी घालून उभं राहायचं, ही चेष्टा नशिबाने केली. मनुबाई त्यावरही बोलायची. भिवाजी तिथून घरी आला की आधी तळ्यावर जायचा आणि मग हातपाय धुवायचा.

त्याने तळ्याचा एक नेम घालून घेतला होता. वर्षाला एकच जिताडा काढायचा, नारळी पौर्णिमेला. दर्याला नारळ, घराला एक मासा. बाकी वर्षभर तळ्याला हात लावायचा नाही. कोळ्याचा नेम तो, एकदा घेतला की मोडत नाही. पौर्णिमेला खाडीवर पूजा झाली की तो मासा आणून मनुबाईपुढे ठेवायचा आणि समोर उकिडवा बसायचा. ती पोट फाडायची. पांढऱ्या पट्ट्या, दूध.

"घ्या!" मनुबाई ओरडायची. "तुमची नवरी अजून नवराच हाय!"

सगळं घर हसायचं. विश्राम तर मुद्दाम हे ऐकायला यायचा. भिवाजीही हसायचा, म्हणायचा, "फुडल्या वर्सी."

पण पुढल्या वर्षी तेच, त्याच्या पुढल्या वर्षी तेच. मासे वाढले, अंगाने भरले, आणि आत दूधच. हसण्यातली मजा संपत गेली. मधल्या काळात सुधीरला कोकणात नोकरी लागली आणि तो गेला. सणावाराला आईकडे आला तर बाजारात डोकावायचा. त्याला विचारलं की म्हणायचा, "होईल मावशी, वेळ भरायला हवी." मनुबाईला आता वाटायला लागलं होतं, काचेतलं काचेतच खरं असतं. विश्राम म्हणायचा, "दादानं पोरं आनली तीच समदी नर निघाली. नशीब." हे तिला पटायचं.

जरा थांबून इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण त्या घरात ती कुणाच्याच ध्यानात आली नाही. नारळी पौर्णिमा श्रावणात येते. श्रावण म्हणजे जिताड्याच्या हंगामाचाच काळ. ज्या वर्षी त्याची मादी व्हायची असते त्या वर्षीसुद्धा श्रावणात तो दूधच दाखवणार. बदल सुरू होतो तो पाऊस सरल्यावर, आश्विनात, आणि आश्विनात तळ्याला हात लावायचा नाही हा भिवाजीचा नेम. सुधीरने सांगितलेलं सगळं भिवाजीने मनात जपून ठेवलं होतं, पण दर्याचा सण आणि माशाचं पोट यांची वेळ जुळत नाही, हे त्याला कळलं नाही. ज्याच्या घरात पौर्णिमेला पहिला मासा निघतो, तो पौर्णिमेलाच बघणार.

एक्क्याण्णवच्या पौर्णिमेला पुन्हा दूध निघालं तेव्हा भिवाजी आजारी होता. छाती भरून यायची, चार पावलं टाकली की धाप लागायची. तरी तो समोर येऊन बसला होता. मनुबाईने पट्ट्या काढून त्याच्यापुढे धरल्या आणि तिचा तोल गेला. "सात वर्सं निवट्या चारल्या, सोताच्या तोंडचा घास चारला, आनि काय? दूध! तुमच्या जिताड्यांच्या पोटी कवा काय पिकायचं नाय!"  त्या दिवशी भिवाजीने जिताडा खाल्ला नाही, नुसता रस्सा घेतला. मनुबाईला त्याच संध्याकाळी वाईट वाटलं, पण वाईट वाटलं हे सांगायला मात्र तिला तोंड फुटेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने तिला जवळ बोलावलं. "मने, दिवालीच्या अवसेला उधान मोठं येल. नाला मागं रेटला जाल. त्या येली उघाडी काढ. समदे जाव दे."

"आनि नरच असले तर?"

"तर खाडीत जाऊन व्हतील."

"बरं," मनुबाई म्हणाली. आजारी माणसाला म्हणतात तसं म्हणाली. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी भिवाजी गेला.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवले. कावळे होते, तिवरांवर बसलेले, पण एक खाली उतरेना. बापे पिंडापाशी उभे, बायका मागे बांधावर. मनुबाई शेवंतीला धरून बसली होती. ऊन चढलं. विश्राम हात जोडून एकेक बोलू लागला. "दादा, वयनीला काय कमी पडू देनार नाय." कावळा हलेना. "दादा, शेवंतीचं मी बघीन." कावळा हलेना. "दादा, तुझी होडी इकनार नाय." लोक अस्वस्थ झाले. ज्याचा जीव अडकलाय त्याची इच्छा नेमकी बोलली गेली की कावळा शिवतो, हे सगळ्यांना माहीत, आणि भिवाजीने जिवंतपणी कधी कुणाजवळ इच्छा बोलून दाखवली होती?

मनुबाईजवळ दाखवली होती. तिच्या ओठांवर आलंही होतं, की तुमचे जिताडे अवसेला सोडते. पण पौर्णिमेचे ते शब्द तिला आठवले. ज्या माशांना आपण सगळ्यांदेखत हसलो, त्यांचं नाव आता सगळ्यांदेखत कुठल्या तोंडाने घ्यायचं? ती एवढी एक वेळ अडखळली, आणि तेवढ्यात विश्राम रडत ओरडला, "दादा, तुझा जिताडा तुझ्या पानात वाढू!"

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

काठावर सगळे रडले. म्हातारे म्हणाले, बघा, जीव जिताड्यात होता. मनुबाईलाही वाटलं, असेल. शेवटी शेवटी त्यांच्या तोंडाची चव गेली होती; असेल खाण्याचीच वासना. आपल्याला सांगितलं ते तापात सांगितलं असेल. कावळ्यापुढे आपण कोण? असं तिने स्वतःला समजावलं, आणि समजावता आलं याचं तिला बरंही वाटलं.

चौदाव्या दिवशी सुतक फिटायचं तिखटाचं जेवण. दिवाळी दोन दिवसांवर आलेली. विश्रामने सकाळीच तळ्यात जाळं फिरवलं. वचन दिलं होतं आणि वचनात त्याने हात आखडता घेतला नाही. कोळीवाडा जेवायचा होता, त्याने एकूण एक जिताडा काढला. अंगणात ताडपत्रीवर ते नुसते लखलखत होते. इतके मोठे झालेत हे मनुबाईने कधी पाहिलंच नव्हतं, कारण तळ्यावर ती जातच नसे. बायका कोयते घेऊन बसल्या. सगळ्यांत मोठं धूड मनुबाईने आपल्यापुढे ओढलं. "ह्यांच्या पानातला मी कापीन," ती म्हणाली.

तिने गुदापासून गळ्यापर्यंत पोट उभं फाडलं, काळीज बाजूला केलं, आणि कण्याखाली बोटं घातली. हात थांबला. पट्ट्या होत्या, पण त्या फुगलेल्या, दुधाळ पट्ट्या नव्हत्या. रिकाम्या, करड्या, चिंबलेल्या होत्या. आणि आतल्या काठाला, लांबच्या लांब, एक गुलाबी पट्टा धरला होता. तिने तो अंगठा आणि बोटात घेऊन चोळला. बोटाला बारीक रवाळ लागलं.

काठाला बघा, सुधीर म्हणाला होता. काठाला गोल गोल.

मनुबाई उठली आणि बायकांच्या मधल्या घाणीच्या घमेल्यात हात घालून चिवडू लागली. काहींत अजून पांढरंच होतं. काहींत तोच गुलाबी काठ. आणखी एक. आणखी एक. "काय शोधतंस गो? पित्त फुटलं काय?" कुणीतरी विचारलं. तिने वर बघितलं. ताडपत्रीवर आता तुकडेच तुकडे होते. चुलीवर टोप चढले होते. पलीकडे विश्राम घामाने भिजून लाकडं सारत होता, आणि चौदा दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. "काय नाय," मनुबाई म्हणाली. मोठ्या माशाच्या पोटातलं तिने केळीच्या पानात बांधलं आणि चुलीमागे ठेवून दिलं.

जेवणाच्या वेळेला सुधीर आला. त्याला कोकणात उशिरा कळलं होतं. तो दारात चपला काढत होता तेव्हाच त्याच्या नाकाला वास लागला आणि तळ्यातले जिताडे शिजलेत हे त्याला कळलं. त्याने मनुबाईच्या पायांना हात लावला आणि हळूच विचारलं, "मावशी, पोटात काय निघालं?"

विश्राम तिथेच उभा होता, हातात पळी. तोही ऐकत होता.

"दूध," मनुबाई म्हणाली.

सुधीरचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच काकांना खोट्या आशेला लावलं," तो पुटपुटला आणि जाऊन पंगतीच्या टोकाला बसला.

भिवाजीचं पान बाहेर ठेवलं. कावळा लगेच आला. मग घरधनिणीने पहिला घास घ्यायचा, त्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही. पोरं भुकेजलेली होती, म्हातारे तिच्या हाताकडे बघत होते. मनुबाईने जिताड्याचा तुकडा मोडला, भातात कालवला आणि घास तोंडात घातला.  तिने पाण्याचा घोट घेऊन गिळला आणि म्हणाली, "जेवा." पंगत जेवायला लागली. जिताडा फार चवदार झाला होता, सगळ्यांनी मागून मागून घेतला.

ऊन कललं तेव्हा माणसं पांगली. सुधीर तळ्याच्या बांधावर एकटा बसला होता. मनुबाई त्याच्यापाशी गेली आणि केळीचं पान त्याच्या मांडीवर ठेवलं. "हे काय हाय, तूच बग."

त्याने पान उलगडलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग बोट त्या गुलाबी काठावरून फिरवत राहिला.

"मावशी, हे तर सुरू झालंय. तुम्ही तर..."

"विश्राम उभा व्हता. काय बोलू?"

"सगळे कापले?"

"सगले."

"दिवाळीपर्यंत थांबला असता तर," सुधीर म्हणाला. शिकलेला माणूस, कावळा-पिंडावर विश्वास नसलेला. पण तो मुलासारखा रडला. मनुबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. विश्रामला हे कधी सांगू नको, ती म्हणाली, भावासाठी त्याने जीव तोडून केलंय, त्याला जन्माचा घोर लागेल.

"काका बरोबर होते, मावशी."

"ते बरोबर व्हते. तू बरोबर व्हतास." मनुबाई खाडीकडे बघत म्हणाली. "मी जल्मभर बोलत आली रे, बाला. दुसऱ्याच्या वाटनीचं बी बोलली. आनि त्या दिवशी कावल्यापुढं त्यांच्या वाटनीचं एक बोलायचं व्हतं, तर गप राहिली."

सुधीर निघून गेल्यावर तिने पान पुन्हा बांधलं आणि ओहोटीच्या पाण्यात सोडलं.

अवसेला उधाण मोठं आलं. पाणी बांधाला टेकलं, नाला मागे रेटला गेला. घराघरांतून फटाके वाजत होते. मनुबाई बांधावर गेली, फळीला दोन्ही हातांनी धरून ओढू लागली. फळी फुगून बसली होती, हलेना. विश्राम धावत आला, म्हणाला, "वयनी, आता आत काय हाय? कशाला काढतंस?" ती ओढतच राहिली. शेवटी त्यानेच हात लावला आणि फळी निघाली. तळ्यात एकही मासा नव्हता, पण तिने भिवाजीला 'बरं' म्हटलं होतं.